बंपरमागची लहर आणि जगदीशचंद्र बोस

महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला, हे चालकाच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार ३३ मीटर पुढे गेलेली असते. धुके असेल, पावसाची जोरदार सर असेल किंवा चालक रात्रभर जागलेला असेल, तर हे अंतर आणखी वाढते. माणसाच्या नजरेची आणि मेंदूची ही मर्यादा भरून काढण्यासाठी अलीकडच्या अनेक मोटारींत पुढच्या बंपरमागे किंवा ग्रिलआड तळहातावर मावेल एवढी एक डबी बसवलेली असते. हे मोटारीचे रडार. त्यातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरीची लांबी चार मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी असते.

लहर एवढी आखूड आहे म्हणूनच हे रडार बंपरमागे मावते. इतक्या आखूड लहरींवरचे पहिले पद्धतशीर प्रयोग झाले ते कोलकात्यात, सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी. ते करणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांना आपण शाळेच्या पुस्तकातून ओळखतो ते वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणून. रस्त्यावरच्या सुरक्षिततेशी त्यांचे नाव सहसा जोडले जात नाही.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळात अशा घरातली मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. आपली भाषा आणि आपली माणसे कळल्याशिवाय पुढचे शिक्षण व्यर्थ आहे, असे त्यांचे मत होते. त्या शाळेत जगदीशच्या शेजारी कोळ्याचा मुलगा बसत असे. झाडे, प्राणी, नदी यांच्या गोष्टी त्याला अशा सवंगड्यांकडून कळल्या.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों यांनी त्यांना प्रयोगांची गोडी लावली. १८८० मध्ये बोस डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेले. पण तापाने त्यांची पाठ सोडली नाही. हा काळा आजार असावा, असे मानले जाते. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने त्रास आणखी वाढे. वर्षभरात वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. ते केंब्रिजला गेले आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकू लागले. तिथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक मिळाले. एका आजाराने डॉक्टरी हिरावली, पण त्यांना भौतिकशास्त्राच्या वाटेवर आणून सोडले.

१८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. तेव्हा त्याच कामासाठी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांच्या वाट्याला त्याचाही निम्माच येणार होता. त्यांनी भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज शिकवत राहिले आणि पगार मात्र घेतला नाही. असे तीन वर्षे चालले. वडिलांच्या फसलेल्या उद्योगांचे कर्ज डोक्यावर होते. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झाले. अबला यांनी मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले होते. काटकसरीच्या त्या दिवसांत हे दाम्पत्य हुगळी नदीच्या पलीकडे चंदननगरला राहत असे. अखेर कॉलेजने त्यांना कायम केले आणि मागची सर्व थकबाकी पूर्ण दराने दिली. त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

प्रयोगशाळा मात्र मिळाली नाही. भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी कॉलेजात जागाच नव्हती. न्हाणीघराला लागून असलेली सुमारे २४ चौरस फुटांची खोली त्यांनी वापरायला घेतली. उपकरणे बनवायला एक पत्र्याचे काम करणारा कारागीर होता. त्याला बोस यांनी स्वतः तयार केले. खर्च स्वतःच्या पगारातून.

त्याआधी काही वर्षे जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओ लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या. त्या प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात आणि वळतात, हे त्यांनी सिद्ध केले. अडचण होती ती आकाराची. हर्ट्झ यांच्या लहरींची लांबी अर्ध्या मीटरहून अधिक होती. लहर जेवढी लांब तेवढे तिला वळवणारे साधन मोठे लागते. हर्ट्झ यांना पुरुषभर उंचीचे धातूचे आरसे आणि शेकडो किलो वजनाचा डांबराचा प्रिझम वापरावा लागला होता. छोट्या खोलीत काम करणाऱ्या बोस यांना असे प्रयोग शक्यच नव्हते. शिवाय लांब लहरी अडथळ्यांच्या कडेने वळून पसरतात, त्यामुळे मोजमाप नेमके येत नाही. बोस यांनी उलटा विचार केला. साधने मोठी करण्याऐवजी लहरच लहान केली.

प्लॅटिनमच्या छोट्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर १२ ते ६० गिगाहर्ट्झ. मग सगळी यंत्रणा टेबलावर मावू लागली. लहरी गोळा करायला त्यांनी धातूचे नरसाळे वापरले. आज त्याला हॉर्न अँटेना म्हणतात. लहर एकाग्र करायला गंधकाचे भिंग केले. लहरीच्या कंपनांची दिशा तपासायला तर त्यांनी तागाचे पीळ दिलेले तुकडे आणि पानांमध्ये धातूची वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक वापरले. हाताशी जे मिळेल त्यातून उपकरण बनवण्याची ही कला त्यांना गरिबीने शिकवली होती.

मे १८९५ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीत वाचला गेला. त्याच सुमारास कोलकात्यात त्यांनी जाहीर प्रयोग करून दाखवला. एका खोलीतून निघालेल्या अदृश्य लहरी भिंती ओलांडून गेल्या, दूरवर घंटा वाजली आणि थोड्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. मध्ये तार नव्हती. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डीएससी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी तीच टेबलावरची यंत्रणा इंग्लंडमधल्या नामवंत शास्त्रज्ञांपुढे मांडली.

मग या लहरींचे पुढे काय झाले? बराच काळ काहीच नाही. त्या काळाला हवा होता दूरचा संदेश. मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिकपार संकेत पाठवला तो लांबलचक लहरींनी. आखूड लहर फार दूर जात नाही, क्षितिजापलीकडे वळत नाही, आणि ती तयार करणारी शक्तिशाली साधनेही तेव्हा नव्हती. रेडिओचा पहिला मान कोणाचा, हा वाद अजूनही रंगतो. पण बोस यांनी जे केले त्याचे खरे मोल त्या शर्यतीत नाही. त्यांची लहर संदेशाच्या शर्यतीसाठी बनलेलीच नव्हती. ती जवळची वस्तू बारकाईने पाहण्यासाठी योग्य होती आणि त्या कामाची गरज जगाला तेव्हा भासली नव्हती.

पैशाच्या बाबतीतही ते वेगळे होते. लहरी ओळखण्यासाठी त्यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा वापर केला. या शोधकावर पेटंट घ्यायला ते राजी नव्हते. ज्ञान विकायचे नसते, असे ते मानत. त्यांच्या स्नेही सारा बुल यांनी आग्रह धरला, तेव्हा १९०१ मध्ये अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहकावर आधारलेले हे जगातले पहिले पेटंट मानले जाते. बोस यांनी त्यातून कमाई केली नाही. पेटंटची मुदत तशीच संपली.

योगायोग असा, की त्याच १९०४ मध्ये जर्मनीतल्या ख्रिस्तियान ह्यूल्समायर यांनी रेडिओ लहरींच्या परावर्तनातून धुक्यातली जहाजे ओळखणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. रडारची मूळ कल्पना हीच. तिच्यात कोणालाही फारसा रस वाटला नाही. पुढे १९३५ नंतर इंग्लंडने विमाने ओळखण्यासाठी रडारची साखळी उभारली, तेव्हा लहरी दहा-बारा मीटर लांबीच्या होत्या आणि त्यांच्यासाठी १०० मीटरपेक्षा उंच मनोरे लागले. रडार म्हणजे मनोरा, हे समीकरण अनेक वर्षे टिकले. ते बंपरमागे आणायचे तर लहर हजारो पटींनी लहान करणे भाग होते. तिथे बोस आधीच जाऊन आले होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बोस यांनी रडार बनवले नाही. समोरच्या वस्तूचे अंतर किंवा वेग मोजणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. त्यांनी दाखवले ते हे, की मिलिमीटर लहरी निर्माण करता येतात, नरसाळ्याने व भिंगाने एका दिशेला वळवता येतात आणि स्फटिकाने ओळखता येतात. मोटारीचे रडार या गोष्टींवर उभे आहे. सुरुवातीच्या काही मोटार रडारमध्ये तर अँटेनासमोर प्लास्टिकचे भिंग असे. बोस यांच्या गंधकाच्या भिंगाचाच तो वंशज.

आता हे रडार काम कसे करते ते पाहू. जगभर मोटारींसाठी मुख्यतः ७६ ते ८१ गिगाहर्ट्झ हा पट्टा वापरला जातो. रडार एकच सूर सोडत नाही. ते वारंवारता क्षणार्धात चढवत नेते, गायकाने खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत झरकन जावे तशी. समोरच्या गाडीवर आदळून लहर परत येते तोवर रडार वरच्या सुरावर पोहोचलेले असते. गाडी १०० मीटरवर असेल, तर जाऊन येण्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा सुमारे दोन तृतीयांश वेळ लागतो. सोडलेला आणि परत आलेला सूर यांतला फरक जितका जास्त, तितकी वस्तू दूर. सूर जितक्या मोठ्या पट्ट्यात फिरवाल तितके जवळजवळच्या दोन वस्तूंना वेगळे ओळखता येते. एक गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर १५ सेंटिमीटरचा फरक कळतो, चार गिगाहर्ट्झचा असेल तर चार सेंटिमीटरपेक्षाही कमी.

वेग कळतो तो डॉपलर परिणामामुळे. जवळ येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चढा ऐकू येतो आणि दूर जाताना उतरतो, तसेच परावर्तित लहरीचे होते. दोन वाहने ताशी १०० किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने जवळ येत असतील, तर ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीत सुमारे १४ हजार हर्ट्झचा फरक पडतो. तो मोजणे सोपे आहे. दिशेसाठी शेजारी शेजारी अनेक अँटेना ठेवतात. त्यांच्यातले अंतर साधारण अर्ध्या लहरीएवढे, म्हणजे दोन मिलिमीटर असते. परतलेली लहर कोणत्या अँटेनावर किंचित आधी पोहोचली यावरून वस्तू डावीकडे की उजवीकडे हे कळते. इथेच आखूड लहरीचा फायदा दिसतो. लहर मीटरभर असती, तर एवढ्या अँटेनांसाठी गाडीपेक्षा मोठी चौकट लागली असती.

हे तंत्र मोटारीत आले १९९० च्या दशकाच्या अखेरीस, तेही आधी महागड्या गाड्यांत. गॅलियम आर्सेनाइडच्या महाग चिपची जागा पुढे सिलिकॉनवर आधारलेल्या चिपने घेतली आणि किंमत उतरली. भारतातही आता मध्यम किमतीच्या काही गाड्यांत ही सोय मिळते. पुढच्या वाहनाशी ठरावीक अंतर राखणे, टक्कर होणार असे दिसल्यास इशारा देणे, चालकाने काहीच केले नाही तर आपोआप ब्रेक लावणे, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातल्या वाहनाची सूचना देणे ही कामे रडारच्या मदतीने होतात. कॅमेरा वस्तू काय आहे हे चांगले ओळखतो, पण धुक्यात आणि अंधारात अडखळतो. रडारला अंधाराचा प्रश्न नाही आणि धुक्याचा फारच कमी आहे. म्हणून दोघांची जोडी लावतात.

बोस यांची पाच मिलिमीटरची लहर, म्हणजे ६० गिगाहर्ट्झ, ही आज आणखी एका कामाला आली आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने ते जास्त मोलाचे आहे. हवेतला ऑक्सिजन ही लहर शोषतो, म्हणून लांबचे पाहायला ती तितकी सोयीची नाही. गाडीच्या आतल्या दीड-दोन मीटरसाठी मात्र ती उत्तम. छताला बसवलेले हे रडार मागच्या सीटवर कोणी श्वास घेत आहे का, हे ओळखते. छाती एक मिलिमीटर हलली तरी लहरीचा जाण्यायेण्याचा मार्ग दोन मिलिमीटरने बदलतो, म्हणजे लहरीच्या लांबीच्या ४० टक्क्यांनी. चादरीखाली झोपलेल्या तान्ह्या बाळाचा श्वासही त्यातून सुटत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान काही मिनिटांत झपाट्याने चढते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. विसरून राहिलेल्या मुलासाठी वेळेवर वाजलेला भोंगा जीव वाचवू शकतो. युरोपातल्या वाहन सुरक्षा चाचणीत २०२३ पासून या सोयीला गुण मिळू लागले आहेत.

या लहरी अपायकारक नाहीत ना, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मोटारीच्या रडारची शक्ती मिलिवॅटच्या घरातली असते, मोबाइल फोनच्या कमाल शक्तीपेक्षा पुष्कळ कमी. या लहरी त्वचेच्या वरच्या थरातच शोषल्या जातात आणि क्ष-किरणांसारखे रेणू फोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते.

बोस यांनी मात्र ही लहर फार काळ सोबत ठेवली नाही. लहरी ओळखणारा शोधक सतत वापरला की मंदावतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजा होतो, हे त्यांच्या लक्षात आले. थकलेल्या स्नायूसारखेच हे वागणे होते. निर्जीव आणि सजीव यांच्या प्रतिसादात साम्य आहे का, या प्रश्नाने त्यांना पछाडले. १९०० मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी हा विषय मांडला. इंग्लंडमधल्या शरीरशास्त्रज्ञांना तो रुचला नाही आणि रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापण्याचे लांबवले. पण ते मागे फिरले नाहीत. वनस्पतीची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवले. वनस्पतींबाबतचे त्यांचे काही निष्कर्ष आजही वादग्रस्त आहेत.

१९१७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधन संस्था उघडली. न्हाणीघराशेजारच्या खोलीत सुरुवात केलेल्या माणसाने पुढच्या पिढीला प्रयोगशाळा दिली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे बोस यांचे निधन झाले. २०१२ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांची ऐतिहासिक टप्पा म्हणून नोंद केली.

ज्यांच्या गाडीत रडार आहे त्यांनी त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. समोर थांबलेले वाहन, एकदम आडवे येणारे जनावर, गर्दीतला पादचारी किंवा दुचाकी यांच्याबाबत यंत्रणा चुकू शकते. धातूच्या मानाने माणसाच्या शरीरावरून लहर कमी परत येते. सेन्सरसमोर चिखल साचू देऊ नये. पुढे लोखंडी गार्ड, जादा दिवे किंवा शोभेची पट्टी लावून त्याचा मार्ग अडवू नये. बंपर बदलला किंवा दुरुस्त केला, तर सेन्सरची दिशा अधिकृत कार्यशाळेत पुन्हा जुळवून घ्यावी, कारण तो एखाद्या अंशाने जरी कलला, तरी दूरवरचे वाहन त्याला शेजारच्या मार्गिकेत दिसू शकते. आणि या यंत्रणेचे नावच चालक साहाय्य आहे. झोप अनावर झाली असेल, तर रडारच्या भरवशावर पुढे न जाता गाडी बाजूला घेणे हेच शहाणपणाचे.